माल धडधाकट, मग पैसे कसले?

डिटेन्शनचा हिशोब या आठवड्यात मांडतो म्हणालो होतो. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण इचलकरंजीहून एका यंत्रमागधारक वाचकांचं पत्र आलंय, आणि त्यांनी विचारलेला विषय माझ्या इतका आवडीचा आहे की तो आता सुटणं शक्य नाही.

हकिकत अशी. या गृहस्थांनी बेल्जियमहून जुने रॅपियर माग मागवले. व्यवहार एफओबी अँटवर्प, माल दोन कंटेनरांत. वाटेत जहाजाचं इंजिन बंद पडलं. टग बोलावून ते जवळच्या बंदरात ओढत नेलं, तिथे दुरुस्ती झाली आणि जहाज उशिरा का होईना न्हावा शेवाला लागलं. मागांना ओरखडासुद्धा नाही. पण फॉरवर्डरचा निरोप आला: डीओ मिळणार नाही. आधी एका परदेशी ॲडजस्टरला बॉन्ड सही करून द्या आणि मालाच्या किमतीच्या अमुक टक्के रोख अनामत भरा. विमा काढलेला नाही, कारण 'लोखंडाला समुद्रात काय होणार?' पत्राच्या शेवटी ते विचारतात, 'इंजिन त्यांचं बिघडलं, माझा माल धडधाकट आहे. मग मी पैसे का भरायचे? ही वाटमारी नाही का?'

वाटमारी नाही. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. आपल्या धंद्यातल्या लेटर ऑफ क्रेडिट, कंटेनर, एचएस कोड या सगळ्या गोष्टी त्याच्यापुढे कालची पोरं आहेत. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचं जे मोठं संकलन करवून घेतलं, त्यात हा नियम आहे, आणि तिथेही तो ऱ्होड्स बेटावरच्या खलाशांचा जुना कायदा म्हणूनच नोंदवलेला आहे. जहाज हलकं करण्यासाठी कोणाचा माल समुद्रात फेकला, तर सगळ्यांसाठी झालेलं ते नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. एवढंच.

वादळात कप्तानाला याद्या तपासायला सवड नसते. हाताला लागेल ते तो फेकतो. ज्याचा माल गेला त्याने काही गुन्हा केलेला नसतो, आणि ज्याचा वाचला तो काही जास्त पुण्यवान नसतो. पुढे यात पैसे फेकणंही आलं: टगचं बिल, आडबंदरातला खर्च, तिथल्या मुक्कामातले खलाशांचे पगार. कोणता खर्च धरायचा, कोणता नाही, यावर देशोदेशी भांडणं होत, म्हणून १८६४ मध्ये यॉर्कला आणि १८७७ मध्ये अँटवर्पला मंडळी जमली. त्यातून यॉर्क-अँटवर्प नियम निघाले, आणि त्यांची ताजी आवृत्ती २०१६ ची आहे. तुमच्या बीएलच्या मागच्या बाजूला जो मुंगीच्या पायाएवढा मजकूर असतो, त्यात एक कलम या नियमांचं असतं. ते तुम्ही वाचलेलं नसलं तरी मान्य केलेलं असतं. आपल्याकडच्या १९६३ च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टमध्येही कलम ६६ याचंच आहे.

आता हिशोब. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. जहाज ३०० कोटींचं, त्यावरचा सगळा माल २०० कोटींचा. सगळ्यांना वाचवण्यासाठी केलेला त्याग आणि खर्च मिळून ५० कोटी. म्हणजे ५०० कोटींवर ५० कोटी, दहा टक्के. जहाजमालकाच्या वाट्याला ३० कोटी. ज्याचे माग ४० लाखांचे, त्याने ४ लाख द्यायचे. आणि ज्याचा एक कोटीचा माल मुद्दाम फेकला गेला, त्याला भरपाई एक कोटीची नाही, नव्वद लाखांची. म्हणजे दहा टक्के त्यालाही चुकत नाहीत. माल गेला त्याची आणि माल राहिला त्याची, दोघांची तोशीस सारखीच व्हावी, इतका हा काटा बारीक आहे. टपाल आणि प्रवाशांचं सामान मात्र या वाटणीतून वगळलेलं असतं.

नियम लावताना खरी गंमत येते. नुकसान जाणूनबुजून केलेलं हवं, आणि ते सगळ्यांवरचं संकट टाळण्यासाठी केलेलं हवं. २०१० च्या ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. चित्रा कललं, कंटेनर घसरून पाण्यात पडले, तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. असे आपोआप पडलेले कंटेनर या नियमात बसत नाहीत, कारण ते कोणी टाकलेले नसतात. ज्याचा पडला त्याने आपल्या विम्याकडे बघावं.

आगीचं आणखी वेगळं. २०२५ च्या ९ जूनला कोलंबोहून न्हावा शेवाकडे येणाऱ्या वान हाय ५०३ ला केरळच्या किनाऱ्याजवळ आग लागली. २२ जणांपैकी १८ जणांना वाचवता आलं. अशा जहाजावर जो माल जळतो तो ज्याचा त्याचा तोटा. पण आग विझवायला मारलेल्या पाण्याने जो भिजतो, तो सगळ्यांच्या खात्यावर. धुराने काळा पडलेला किंवा आगीच्या धगीने वितळलेला माल पुन्हा ज्याचा त्याचा. आता एकाच कंटेनरमधले वरचे खोके धुराने गेले, खालचे पाण्याने गेले, तर सर्व्हेअरने खोका खोका उघडून लिहायचं की हा धूर, हे पाणी. नियम सांगतो म्हणून हे खरोखर करतात, आणि म्हणूनच अशा प्रकरणांचा निकाल लागायला वर्षं जातात.

टक्के किती मागतात, याचीही कल्पना हवी. २०१८ च्या मार्चमध्ये मर्स्क होनाम अरबी समुद्रात पेटलं, पाच खलाशी गेले. त्या जहाजावरच्या मालवाल्यांकडे साल्व्हेजसाठी, म्हणजे जहाज आणि माल वाचवणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी, ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी ११.५ टक्के, म्हणजे एकूण ५४ टक्क्यांची हमी मागितली होती. एक कोटीचा माल सोडवायला ५४ लाखांची हमी. ही अंतिम रक्कम नव्हे, अनामत आहे, पण ती दिल्याशिवाय माल हलत नाही. सुएझमध्ये आडवं झालेलं एव्हर गिव्हन तर सगळ्यांना माहीत आहे. सहा दिवसांत ते सुटलं, एवढंच लोकांना आठवतं. पुढे कालव्याच्या प्राधिकरणाशी पैशांचा वाद होऊन ते जुलै २०२१ पर्यंत ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून पडलं होतं. जनरल ॲव्हरेज तर एप्रिलच्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं. सुमारे १८,३०० कंटेनर, त्यांचे हजारो मालक, प्रत्येकाचं इनव्हॉइस, प्रत्येकाची सही.

आता माझं सगळ्यात लाडकं कलम, यॉर्क-अँटवर्पचा नियम एकोणीस. ज्याने माल चढवताना किंमत मुद्दाम कमी दाखवली, त्याचा माल बळी पडला तर भरपाई त्या कमी दाखवलेल्या किमतीवर. आणि माल वाचला तर वर्गणी मात्र खऱ्या किमतीवर. दोन्हीकडून मार! मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसलो होतो. अंडर-इनव्हॉइसिंगवर कस्टम्सची चौकशी, दंड, सगळं आपण मागे पाहिलंच. पण इनव्हॉइस अर्ध्यावर आणणाऱ्या शहाण्यांना समुद्राचाही एक कायदा गाठतो, हे कोणी सांगत नाही. विमा उतरवणाऱ्यांनी तर हे नीट ध्यानात ठेवावं, कारण विमाही त्याच अर्ध्या आकड्यावर उतरवलेला असतो. वर्गणी ठरली पुऱ्या किमतीवर आणि विमा निम्म्याचा, तर उरलेली वर्गणी कंपनी देत नाही, खिशातून जाते.

कागद कोणते लागतात? मालवाल्याने सही करायचा ॲव्हरेज बॉन्ड, इनव्हॉइसची प्रत, आणि विमा असेल तर विमा कंपनीची हमी. विमा कंपनीने हमी दिली की रोख अनामतीची गरज नाही. तुम्ही सही करून मोकळे, पुढचं ती आणि ॲडजस्टर बघून घेतात. विमा नसेल तर रोख. अनामतीची जी मूळ पावती मिळते ती तिजोरीत ठेवा, कारण हिशोब होऊन काही परत आलंच तर ते पावतीवरच येतं, आणि तोवर तुमचा हिशेबनीस बदललेला असतो.

एलसीएलवाल्यांचे हाल निराळेच. एका कंटेनरमध्ये वीस जणांचा माल. एकोणीस जणांनी बॉन्ड दिला, हमी दिली. विसावा फोनच उचलत नाही, कारण त्याचा माल पन्नास हजारांचा आणि अनामत भरण्यापेक्षा तो सोडून दिलेला बरा असं त्याने ठरवलंय. कंटेनर तसाच उभा. २०१६ च्या नियमांत एक शहाणपण आलं: हिशोबाचा खर्च वर्गणीपेक्षा जास्त होईल असा किरकोळ माल ॲडजस्टर वगळू शकतो. पण ते त्याच्या मर्जीवर.

इकडे कस्टम्सला तुमच्या जनरल ॲव्हरेजशी काही देणंघेणं नाही. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायलाच हवं, नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. ड्यूटी वेळेत भरली नाही तर १५ टक्क्यांनी व्याज. उतरल्यापासून तीस दिवसांत माल नेला नाही तर कलम ४८ खाली तो विकायला काढता येतो. म्हणजे ड्यूटी भरलेली, आउट ऑफ चार्ज झालेलं, आणि डीओ नाही म्हणून माल सीएफएसमध्ये भाडं खात पडलेला, असं चित्र होऊ शकतं. माल भिजला असेल तर आणखी एक गोष्ट: कलम २२ खाली खराब मालावरची ड्यूटी कमी करून मिळते, पण त्यासाठी नुकसान वेळेवर कस्टम्सच्या नजरेस आणून द्यावं लागतं. गोदामात नेऊन मग फोटो काढणाऱ्यांना काही मिळत नाही.

'इंजिन त्यांचं बिघडलं' या मुद्द्यात मात्र दम आहे. इतका, की तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सीएमए सीजीएम लिब्रा हे जहाज २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून निघताना रुतलं. जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज मागितलं. बहुतेकांनी भरलं, थोड्या मालवाल्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, प्रवासाचा आराखडाच सदोष होता, म्हणजे जहाज निघतानाच प्रवासाला लायक नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं आणि त्या थोड्यांना वर्गणी द्यावी लागली नाही. जहाज निघण्यापूर्वी ते नीट ठेवण्यात मालकाने कसूर केली हे सिद्ध झालं, तर वर्गणी टळते. पण त्याला दहा वर्षं लागली, आणि माल त्याआधी सोडवायचा तर हमी सगळ्यांनाच द्यावी लागते. इचलकरंजीहून एकट्याने असं लढणं शक्य नाही. विमा कंपन्या लढतात, त्यांच्याकडे वकील असतात.

हा नियमच मोडीत काढा, असं म्हणणारे बरेच आहेत. लाकडी जहाजावर दहा व्यापारी असत, तेव्हा ठीक होतं. आता अठरा हजार कंटेनरांची वाटणी करण्यात ॲडजस्टरांचंच पोट भरतं, असा त्यांचा आक्षेप. मला तो अर्धाच पटतो. नियम न्याय्य आहे, त्याची कारकुनी जुनाट आहे. जहाजावर माल ठेवला की आपण अनोळखी हजारोंचे भागीदार होतो, आणि टगचं बिल एकट्या जहाजमालकाने द्यावं म्हटलं तर तो ते भाड्यात घालणारच. प्रश्न एवढाच, की भिवंडीच्या छोट्या आयातदाराला हे आधी कोणी सांगत नाही. फॉरवर्डर भाडं सांगतो, सीएचए ड्यूटी सांगतो.

म्हणून विम्याचं सरळ सांगतो. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार. सी सगळ्यात स्वस्त, त्यात चोरी, पावसाचं पाणी वगैरे काही येत नाही. पण जनरल ॲव्हरेज आणि साल्व्हेज तिन्हींत येतं. म्हणजे माल लोखंड असो की संगमरवर, निदान सी तरी घ्या. मागांना समुद्रात काही होणार नाही, मान्य, पण जहाजाला होऊ शकतं. एफओबीवर विमा काढणं तुमचं काम. सीआयएफवर विक्रेता काढतो, पण त्याला सी पुरेसा असतो आणि कंपनी त्याच्या देशातली असते. प्रमाणपत्र मागून घ्या, त्यावर कंपनीच्या इथल्या सर्व्हे एजंटचं नाव आहे का बघा. कस्टम्स तर विम्याचा आकडा मिळाला नाही की एफओबीच्या १.१२५ टक्के धरून ड्यूटी लावतंच. न काढलेल्या विम्यावर ड्यूटी भरणारे आयातदार मी भरपूर पाहिलेत. खरा विमा बहुधा त्याहून स्वस्त पडतो.

इचलकरंजीच्या गृहस्थांना वेगळं उत्तर पाठवलं आहे. बॉन्डवर सही करताना तो 'हक्क राखून' दिला आहे असं ॲडजस्टरला लेखी कळवा. इंजिनाच्या दुरुस्तीची कागदपत्रं मागा. अनामतीचा आकडा मालाच्या खऱ्या किमतीवर लावलाय की फॉरवर्डरच्या अंदाजावर, ते तपासा. जुन्या मागांच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. आणि डीओ येईपर्यंत शिपिंग लाइनकडे फ्री डेज वाढवून मागणारं पत्र आजच द्या. ते दिलं नाही तर काय होतं, हाच पुढच्या आठवड्याच्या डिटेन्शनचा विषय.