प्रकाशीय पुंजस्मृती

प्रकाशीय पुंजस्मृती म्हणजे फोटॉनची पुंजावस्था (क्वांटम अवस्था) अणूंच्या समूहात साठवून हवी तेव्हा प्रकाशरूपात परत देणारी व्यवस्था होय. आत गेलेला फोटॉन पुन्हा बाहेर येण्याच्या संभाव्यतेला तिची कार्यक्षमता म्हणतात.

प्रकाशतंतूत प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल क्षीण होतो. १०० किमीनंतर शंभरातील एक फोटॉन उरतो, ५०० किमीनंतर हजार कोटींतील एक. अज्ञात पुंजावस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नसल्याने वाटेत नेहमीचा प्रवर्धक बसवता येत नाही. त्याऐवजी मार्गाचे तुकडे पाडून ते एकमेकांशी जोडत न्यावेत, ही पुंज पुनरावर्तकाची कल्पना १९९८ मध्ये ब्रीगेल, ड्यूर, सिराक व झोलर यांनी मांडली. एक तुकडा सिद्ध झाल्यावर शेजारचा होईपर्यंत थांबावे लागते. स्मृती लागते ती इथे. मात्र कार्यक्षमतांचा गुणाकार होतो. प्रत्येकी ५० टक्के कार्यक्षमतेच्या आठ स्मृतींमधून यशाची शक्यता २५६ मध्ये एक, तर ९० टक्क्यांच्या आठ स्मृतींमधून सुमारे ४३ टक्के असते.

== कार्यक्षमतेतील अडचण ==
फोटॉन पूर्णपणे शोषला जावा यासाठी अणू दाट हवेत. पण तेच दाट अणू बाहेर पडणारा प्रकाश पुन्हा शोषून घेतात. प्रकाश मूळ दिशेनेच परत मिळवणाऱ्या अनेक पद्धतींची कार्यक्षमता यामुळे ५४ टक्क्यांवर अडते.

ग्रेडियंट-एको पद्धतीत ही कोंडी फुटते. माध्यमाच्या लांबीवर विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्र क्रमाने बदलत ठेवल्याने प्रत्येक थर वेगळ्या वारंवारितेचा प्रकाश शोषतो. शोषणानंतर अणूंची आंदोलने एकमेकांशी विसंगत होतात. क्षेत्राची दिशा उलटवली की ती पुन्हा जुळतात आणि प्रकाश प्रतिध्वनीसारखा बाहेर येतो. पुढील थरांची वारंवारिता निराळी असल्याने तो वाटेत अडत नाही.

२०१० मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील हेजेस, सेलर्स व सहकाऱ्यांनी प्रेसिओडिमियमयुक्त स्फटिकात याच पद्धतीने ६९ टक्के कार्यक्षमता गाठली. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडणे महत्त्वाचे होते, कारण त्यानंतर हरवलेला प्रकाश गोळा करणाऱ्या कोणालाही मूळ अवस्थेची अधिक चांगली प्रत मिळू शकत नाही. २०११ मध्ये रुबिडियमच्या उष्ण बाष्पात ८७ टक्के आणि २०१८ मध्ये तैवानमधील गटाने, प्रेरित पारदर्शकतेच्या वेगळ्या पद्धतीने, थंड सिझियम अणूंत ९२ टक्के कार्यक्षमता मिळवली. हे आकडे लेसरच्या स्पंदांचे आहेत. एकेका फोटॉनच्या ध्रुवीकरणासाठी थंड रुबिडियममध्ये ८५ टक्क्यांचा टप्पा २०१९ मध्ये ओलांडला गेला.

साठवणीचा काळ हा प्रश्न वेगळा. २०१३ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे स्फटिकात प्रकाश सुमारे एक मिनिट टिकवला गेला, पण परत मिळालेला प्रकाश अत्यल्प होता.