तेल, राळ आणि ‘कृत्रिम’ हा शब्द

मंडळी, ‘नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट’ असं आपण सहज बोलून जातो. पण या दोन शब्दांमधली भिंत किती पक्की आहे? आज व्हार्निशचं उदाहरण घेऊ.

जुन्या दारांना बेलतेल लावत. ते मुळात जवसाचं उकळलेलं तेल. हे तेल ‘वाळतं’ म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. थराचं वजन उलट वाढतं. नुसत्या तेलाचा थर मऊ राहतो, म्हणून त्यात झाडाची राळ शिजवत. झालं व्हार्निश.

१८७२ मध्ये जर्मनीत बायर यांना फिनॉल आणि अल्डिहाइड यांच्या संयोगातून राळेसारखा पदार्थ मिळाला. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही. पुढे अमेरिकेत बेकलंड हे लाखेला पर्याय शोधत होते. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातून जाई. त्यांनी तीच वाट धरली आणि १९०७ मध्ये बेकेलाइट हाती आलं. पण एकदा घट्ट झालं की ते ना वितळे, ना तेलात विरघळे. व्हार्निशवाल्यांना त्याचा काय उपयोग? १९१० च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट आणि बेरेंड यांनी फिनॉलच्या राळेबरोबर पाइनची राळ शिजवली, तेव्हा कुठे ती तेलात मिसळली. म्हणजे नव्या पदार्थाची तेलाशी ओळख करून द्यायला जुनी राळच मध्यस्थ झाली!

१९२० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे कीनल याच्याही पुढे गेले. ग्लिसरीन आणि थॅलिक अनहायड्राइड यांची राळ कडक, ठिसूळ होई. त्यांनी तेलातली मेदाम्लं त्या राळेच्या रेणूतच जोडली. ही अल्किड राळ. दारं-खिडक्यांना आपण जो ऑइल पेंट लावतो, तो बहुधा हिचाच. आता सांगा, हा पदार्थ नैसर्गिक की कृत्रिम? तेल त्यात नुसतं मिसळलेलं नाही, ते त्याचा अवयव आहे.

आणि चांगल्या-वाईटाचं म्हणाल, तर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून पाहू नका. ऑक्सिजन घेताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. तेल शंभर टक्के नैसर्गिक!

तेव्हा एखादा पदार्थ कुठून आला, हा एक प्रश्न. तो वागतो कसा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नये, एवढंच आज सांगायचं होतं.