चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तरी ते सामान्य माणसाच्या घरात पोहोचल्यावाचून त्याचे सार्थक होत नाही. जलसंजीवनीचा इतिहास याची साक्ष देतो.

अतिसारात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो. मात्र आतड्यात ग्लुकोज शोषले जात असताना त्यासोबत मिठातील सोडियम व पाणीही शोषले जाते, हे शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकापर्यंत उमगले होते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

उपाय सापडला होता. परंतु खेड्यातील मातेपर्यंत तो न्यावा कसा? बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० मध्ये हे कार्य हाती घेतले. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढीच कृती! महिला कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ती शिकवीत आणि मातेकडून करवून घेत. विशेष म्हणजे, त्यांचे मानधन किती घरांना भेटी दिल्या यावर नव्हे, तर नंतरच्या तपासणीत मातांना किती आठवते यावर ठरे.

तरीही आरंभी प्रत्यक्ष वापर अल्पच होता. कुटुंबातील पुरुषांना विश्वासात घेतले नव्हते. खुद्द काही कार्यकर्त्यांचाही या उपायावर भरवसा नव्हता. मग कार्यकर्त्यांना त्यामागील शास्त्र समजावून देण्यात आले आणि पुरुषांसाठी बाजार व मशिदींतून सभा झाल्या. १९९० पर्यंत १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत ही कृती पोहोचली.

आज जलसंजीवनीची प्रमाणित पाकिटे सहज मिळतात व घरगुती मिश्रणापेक्षा ती अधिक भरवशाची असतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे. पाणी कमी पडल्यास द्रावण अपायकारक ठरू शकते. बाळाचे स्तनपान थांबवू नये. मूल मलूल झाल्यास, लघवी कमी झाल्यास वा शौचातून रक्त पडल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. एवढी माहिती घरातील प्रत्येकास, आजीपासून वडिलांपर्यंत, असणे अगत्याचे आहे.