आज्ञा देण्यापूर्वी : आपण कुठे आहोत?

युनिक्स किंवा लिनक्सच्या टर्मिनलवर ओळीच्या सुरुवातीला बहुधा $ अशी खूण दिसते. हा ‘प्रॉम्प्ट’. आपली आज्ञा वाचून ती पार पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘शेल’. ‘मी तयार आहे, आज्ञा द्या’ असे तो या खुणेने सांगतो.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल आला. साध्या वापरकर्त्याला $ आणि सर्वाधिकारी ‘रूट’ला # ही त्यातली प्रथा आजही टिकून आहे. # दिसला की जपून!

पण एवढ्याने भागत नाही. आमच्यासमोर एकाच पडद्यावर तीन-चार संगणकांच्या खिडक्या उघड्या असतात. फाइल पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञा सगळीकडे सारखीच, आणि ती सहसा काही विचारतही नाही. चुकीच्या खिडकीत दिली, तर महिनाभराची निरीक्षणे गेलीच!

उपाय सोपा आहे. प्रॉम्प्ट म्हणजे ‘पीएस१’ या चलात साठवलेली अक्षरे. ‘बॅश’ शेलमध्ये तिथे उलट्या तिरक्या रेघेपुढे लहान लिपीतला ‘यू’ लिहिला की वापरकर्त्याचे नाव उमटते, ‘एच’ने संगणकाचे, तर ‘डब्ल्यू’ने चालू डिरेक्टरीचे. रेघेपुढे $ लिहिले, तर रूटसाठी त्याचा आपोआप # होतो.

टर्मिनलवर केलेला बदल खिडकी बंद करताच जातो. म्हणून मुलांना खुशाल प्रयोग करू द्या. पसंत पडलेला प्रॉम्प्ट ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये लिहिला की कायम राहतो. मात्र एक सवय लावा : एंटर दाबण्यापूर्वी ओळीची डावी बाजू वाचायची.