विश्लेषण : बलकातील चरबी येते कुठून?

लेयर कोंबड्यांच्या शेडमध्ये कधी कधी चक्रावून टाकणारा प्रकार घडतो. कालपर्यंत अंडी देणारी, अंगाने भरलेली कोंबडी सकाळी मेलेली आढळते. तुरा फिकट, शवविच्छेदनात पोटात रक्त आणि पिवळट, ठिसूळ झालेले यकृत. या मृत्यूचा संबंध थेट अंड्याच्या बलकाशी आहे.

चरबी कोण बनवते?

कोंबडीच्या शरीरात चरबी बनवण्याचे बहुतांश काम यकृत करते. एका मोठ्या अंड्याच्या बलकात साधारण 5 ग्रॅम चरबी असते. जवळपास रोज अंडे देणाऱ्या कोंबडीच्या यकृताला एवढा माल सतत पुरवावा लागतो.

ती यकृताबाहेर कशी पडते?

चरबी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तात तशीच सोडता येत नाही. यकृतपेशी तिला प्रथिने आणि फॉस्फोलिपिडच्या आवरणात बांधतात. या कणांना ‘व्हीएलडीएल’ म्हणतात. कोंबडी अंड्यावर आली की अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन यकृताला कामाला लावते. मग कणांची संख्या वाढते, आकार मात्र घटून सुमारे 30 नॅनोमीटर होतो. त्यामुळे ते बीजांडाभोवतीच्या पटलातून आत जाऊ शकतात.

वाटेत चरबी खर्च का होत नाही?

कणांवरील ‘अपोव्हीएलडीएल-2’ हे प्रथिन चरबी फोडणाऱ्या विकराला रोखते. माल न फुटता बीजांडापर्यंत पोहोचतो आणि तिथले ग्राहक तो आत ओढून घेतात. या ग्राहकात जनुकीय दोष असलेल्या कोंबड्या क्वचितच अंडी देतात; त्यांच्या रक्तात चरबी साचत जाते.

बिघाड कुठे होतो?

चरबी बनते जास्त आणि बाहेर पडते कमी, तेव्हा ती यकृतातच साठते. आवरणासाठी लागणारे कोलीन कमी पडले तरी तेच होते. जास्त ऊर्जेचे खाद्य, पिंजऱ्यातली कमी हालचाल आणि उन्हाळा यांनी धोका वाढतो. नाजूक झालेले यकृत फाटते व आत रक्तस्राव होतो. यालाच ‘फॅटी लिव्हर हेमरेजिक सिंड्रोम’ म्हणतात.

पोल्ट्रीधारकांनी काय करावे?

कोंबड्यांचे वजन नियमित तपासावे. खाद्यातील ऊर्जा व प्रथिनांचे प्रमाण, कोलीन आणि मिथिओनिन यांबाबत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. उन्हाळ्यात शेड थंड ठेवावी. अचानक मरतूक झाल्यास शवविच्छेदन टाळू नये. कळपातील उरलेल्या कोंबड्यांच्या यकृताची अवस्था त्यावरूनच लक्षात येते.