यकृतविकारांतील ऑक्सिडीभवनजन्य ताण आणि त्याचे रक्तगत निर्देशक

शरीरातील ऑक्सिडीकारक द्रव्ये आणि त्यांचे निवारण करणारी संरक्षक द्रव्ये यांचा समतोल ढळून पहिल्या पक्षाचे पारडे जड झाले म्हणजे जी अवस्था उद्भवते, तीस ऑक्सिडीभवनजन्य ताण म्हणतात. हेल्मुट झीस यांच्या १९८५ मधील ग्रंथाने ही संज्ञा रूढ केली. मद्य, औषधे इत्यादींच्या विघटनाचे कार्य मुख्यत्वे यकृतात चालत असल्याने त्यावर या ताणाचा आघात विशेष होतो. यकृताचा अंश वारंवार काढून तपासणे शक्य नसते. म्हणून रक्तातील निर्देशकांचा आश्रय घ्यावा लागतो. हे निर्देशक द्विविध होत : झालेल्या हानीचे अवशेष, आणि संरक्षक द्रव्यांची शिल्लक.

पहिल्या वर्गात मॅलोनडायअल्डिहाइड प्रमुख होय. पेशीपटलातील असंतृप्त वसाम्लांच्या ऑक्सिडीभवनातून ते निर्माण होते. थायोबार्बिट्युरिक अम्लाशी त्याचा संयोग होऊन गुलाबी रंग येतो व ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणावरून त्याचे मापन करतात. पद्धती सुलभ खरी. परंतु इतर आल्डिहाइडे आणि बिलिरुबिन हे पित्तरंजकही तीत व्यत्यय आणतात.

दुसऱ्या वर्गातील ग्लुटाथायोन हे ग्लुटामिक अम्ल, सिस्टीन व ग्लायसीन यांचे संयुग होय. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत यकृतातील त्याचा साठा संपुष्टात येतो आणि पेशी मरू लागतात. एन-ॲसिटिलसिस्टीनचा उतारा हा साठा पुन्हा भरून काढतो. तथापि रक्तद्रवातील ग्लुटाथायोन यकृतपेशीतील प्रमाणाच्या सहस्रांशाहूनही कमी असते. उलट तांबड्या पेशींत ते विपुल असल्याने, नमुना घेताना त्या फुटल्यास मापन फसवे ठरते.

खरी अडचण ‘एकूण ऑक्सिडीभवनरोधक क्षमता’ मोजताना उद्भवते. बिलिरुबिन स्वतः ऑक्सिडीभवनरोधक आहे, हे स्टॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले. काविळीत ते रक्तात साचते. परिणामी यकृत ताणाखाली असतानाही ही क्षमता प्राकृत किंवा वाढलेली दिसू शकते. त्याच वेळी यकृतातच तयार होणारे अल्ब्युमिन, आणि त्याबरोबर त्यातील संरक्षक गंधकयुक्त गट, घटत असतात. म्हणजे एकच अंक निरोगी माणसात संरक्षणाचा, तर रुग्णात पित्तावरोधाचा निदर्शक ठरतो.

शब्दाप्रमाणे निर्देशकाचाही अर्थ संदर्भावाचून निश्चित होत नाही. शिवाय मधुमेह व धूम्रपान यांतही हेच निर्देशक बदलत असल्याने ते ताण सुचवितात, अवयव सांगत नाहीत. यास्तव बिलिरुबिन, अल्ब्युमिन व यकृतातील एन्झाइमे यांच्या मापनासह दोन्ही वर्गांचे निर्देशक एकत्र वाचणे, हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.