चारही चाकांची चाल एकच हवी

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत, कापसाच्या बाजारावरून नाव पडलेल्या कॉटन ग्रीन परिसरातील गोदामांपाशी उभ्या असणाऱ्या मालमोटारींकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. मागील आसावर भार अधिक, म्हणून तेथे प्रत्येक बाजूस चाकांची जोडी असते. परंतु पुढील व मागील टायरांचे माप बहुधा एकच असते. अलीकडे मात्र मोटारीला मागे अधिक रुंद टायर बसविण्याची हौस वाढली आहे. रुंद टायरने रस्त्यावरची पकड वाढते आणि गाडी रुबाबदार दिसते, असा त्यामागील विचार. ज्या वाहनात इंजिनाची शक्ती चारही चाकांना मिळते, त्या वाहनाच्या बाबतीत मात्र असा बदल करण्यापूर्वी थोडे गणित करणे अगत्याचे आहे.

जीपचा धडा

हार्बर मार्गावर कॉटन ग्रीनच्या दक्षिणेस रे रोड आणि डॉकयार्ड रोड ही स्थानके लागतात. त्यालगतच्या माझगाव येथे १९४९ साली महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे हीच जीप विकासगटांच्या कचेऱ्यांपासून दुर्गम पाड्यांपर्यंत पोहोचली. या जीपला चारही चाके एकाच मापाची असत आणि पाचवे, म्हणजे स्टेपनीचे चाकही त्याच मापाचे. यात निव्वळ सोय नव्हती. यंत्ररचनेचीच ती गरज होती.

जीपमध्ये चारही चाकांची गती जोडली, की पुढचा आणि मागचा आस गिअरांनी एकमेकांशी घट्ट बांधला जातो. दोघांनाही समान फेरे घेणे भाग पडते. टायरांचा परीघ सारखा नसेल, तर तितक्याच फेऱ्यांत एक आस अधिक अंतर कापू पाहतो व दुसरा कमी. चिखलात किंवा वाळूत चाके किंचित घसरतात आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही; सबब सारा ताण गिअर, शाफ्ट आणि आस यांवर पडतो. गाडी जड चालते, टायर लवकर झिजतात आणि प्रसंगी गिअरपेटीचे नुकसान होते.

रुंदी आणि परीघ

येथे रुंदी व परीघ यांत गल्लत होऊ देता कामा नये. टायरवर ‘२०५/५५ आर १६’ असे लिहिलेले असते. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मि.मी. भरतो.

मागे ‘२२५/५५ आर १६’ बसविला, तर व्यास सुमारे ६५४ मि.मी. होतो. लहान टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ५०४ फेरे घेतो, मोठा सुमारे ४८७. दर किलोमीटरला १७ फेऱ्यांचा हा फरक यंत्राला सोसावा लागतो. याउलट ‘२२५/५० आर १६’ निवडला, तर रुंदी तितकीच वाढूनही व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाच फरक पडतो. तात्पर्य, धोका रुंदीपेक्षा परिघातील तफावतीत अधिक आहे. हे गणित शाळेतील मुलांनाही सोडविता येईल.

आधुनिक रचना

वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. म्हणून सदैव चारही चाकांवर चालणाऱ्या मोटारींत दोन्ही आसांमध्ये डिफरन्शियल अथवा क्लचसारखी रचना असते. ती वळणापुरता फरक सांभाळते. परंतु टायरच असमान असतील, तर सरळ रस्त्यावरही तिला अखंड राबावे लागते. तेल तापते व भाग झिजतात. शिवाय चाकांच्या फेऱ्यांवरून घसरण ओळखणारी ब्रेकची विद्युत यंत्रणाही फसू शकते.

काही निर्माते मात्र मुद्दाम असमान रुंदी योजतात. २००७ साली आलेल्या निस्सान जीटी-आर या जपानी मोटारीत पुढे २५५ व मागे २८५ मि.मी. रुंदीचे टायर होते; व्यासातील फरक मात्र अवघा साडेचार मि.मी. संपूर्ण रचनाच त्या मापांसाठी आखलेली होती.

चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरचे उदाहरण ग्रामीण वाचकांच्या परिचयाचे आहे. त्याची पुढची चाके लहान व मागची मोठी असूनही तो सुरळीत चालतो, कारण पुढच्या आसाचे गिअर त्या प्रमाणात अधिक फेरे देतात. एकाच बाजूच्या टायरचे माप बदलले, की हे प्रमाण बिघडते.

घ्यावयाची दक्षता

हौसेपेक्षाही अधिक वेळा ही चूक काटकसरीपोटी घडते. निधी अपुरा म्हणून दोनच टायर नवे घेतले जातात. नव्या व झिजलेल्या टायरांच्या नक्षीच्या खोलीत ५ मि.मी. तफावत असेल, तर परिघात ३१ मि.मी. फरक पडतो. छापील माप एक असूनही प्रत्यक्षात टायर असमान होतात. यास्तव चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाचे टायर शक्यतो एकत्रच बदलावेत, पुढची-मागची चाके नियमाने आलटून-पालटून लावावीत, हवेचा दाब पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवावा आणि स्टेपनीही त्याच मापाची असावी. वेगळे माप निर्मात्याच्या पुस्तिकेत संमत असेल तरच स्वीकारावे. कोरड्या पक्क्या रस्त्यावर जुन्या पद्धतीच्या जीपची पुढची गती सोडवून ठेवावी.

घाटातल्या पाड्यावरून रुग्णाला आणणारी गाडी ऐन पावसाळ्यात गिअरपेटीच्या दुरुस्तीसाठी अडकून पडली, तर दोन टायरांच्या किमतीत साधलेली बचत कोणाच्याच उपयोगी पडत नाही. टायरची मागणी नोंदविणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी चारही चाकांवरील आकडे आणि नक्षीची खोली एकदा तपासून घ्यावी.